जुनी पेन्शन, नवी पेन्शन आणि ज्यांना कोणतीच नाही: खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पेन्शनचा विषय निघायला निमित्त लागत नाही. पंचायत समितीच्या आवारात निघतो, शिक्षक पतपेढीच्या वार्षिक सभेत निघतो, आणि लग्नाच्या पंगतीत एखादा निवृत्त गुरुजी शेजारी बसला की हमखास निघतो. पगारबिलं आणि सेवापुस्तकं यांत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हे प्रश्न माझ्याकडे येत राहतात. लोक जसे विचारतात तसेच ते खाली ठेवले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत.

जुनी पेन्शन नक्की कुणी बंद केली? प्रत्येक जण दुसऱ्या पक्षाकडे बोट दाखवतो.

बोट सगळ्यांकडे वळतं. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्यांसाठी ती बंद झाली, तेव्हा वाजपेयींचं सरकार होतं. महाराष्ट्रात ३१ ऑक्टोबर २००५ चा शासन निर्णय निघाला आणि १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुनी योजना नाही असं ठरलं. तेव्हा विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते, सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं. नव्या योजनेला कायद्याचा आधार २०१३ मध्ये मिळाला, मनमोहन सिंगांच्या काळात. पश्चिम बंगालने मात्र जुनी योजना कधी सोडलीच नाही.

आज सभेत गळा काढणाऱ्या बहुतेक नेत्यांचा पक्ष त्या वेळी इथे नाही तर तिथे सत्तेत होता. मग २००५ मध्ये एवढी मोठी कपात गाजावाजा न होता पार कशी पडली? सोपं आहे. जे नोकरीत होते त्यांच्या पेन्शनला हातही लावला नाही. जे अजून डीएड करत होते, स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरत होते, त्यांचं कापलं. त्यांची संघटना नव्हती, त्यांना मोर्चा काढायचं कारणही अजून कळलं नव्हतं. मोठ्या संघटना आपल्या सभासदांचं काही जात नाही म्हणून फार ताणून धरायला गेल्या नाहीत. पेन्शनवरच्या अख्ख्या वादात मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. कपात नेहमी अशा माणसाची होते जो खोलीत हजर नसतो.

दोन्ही योजनांत फरक काय? थोडक्यात सांगा.

जुन्या योजनेत पगारातून पेन्शनसाठी काही कापत नाहीत. पूर्ण सेवा झाली की अखेरच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के रक्कम, त्यावर महागाई भत्ता, आणि वेतन आयोग आला की सुधारणा. ४० टक्क्यांपर्यंत भाग विकून एकरकमी घेता येतो, तो १५ वर्षांनी पुन्हा चालू होतो. मागे जोडीदाराला कुटुंब निवृत्तिवेतन. पैसा येतो थेट सरकारच्या त्या वर्षीच्या तिजोरीतून.

नव्या योजनेत मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या १० टक्के तुमचे कापले जातात. सरकारही आधी १० टक्के घालायचं, १ एप्रिल २०१९ पासून १४ टक्के घालतं. तो पैसा बाजारात गुंततो. निवृत्तीला जमलेल्या रकमेतले ६० टक्क्यांपर्यंत हातात मिळतात, त्यावर कर नाही. उरलेल्या किमान ४० टक्क्यांतून विमा कंपनीकडून मासिक रक्कम विकत घ्यावी लागते. तिच्यावर महागाई भत्ता नाही.

टक्केवारी कळत नाही. रुपयांत सांगा.

समजा मूळ वेतन ८०,००० वर एक गुरुजी निवृत्त झाले. जुन्या योजनेत पेन्शन ४०,००० आणि वर महागाई भत्ता. दर सहा महिन्यांनी भत्ता वाढतो तशी पेन्शन वाढते.

आता त्याच शाळेत शेजारच्या वर्गावर शिकवणाऱ्या, नव्या योजनेतल्या गुरुजींच्या खात्यात निवृत्तीला ५० लाख जमले असं धरू. ३० लाख हातात आले. २० लाखांची मासिक रक्कम घेतली. व्याजाचा दर ६ टक्के धरला तर वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिन्याला १०,०००. ती आज १०,००० आणि पंधरा वर्षांनीही १०,०००. सगळेच्या सगळे ५० लाख त्यात घातले तरी महिन्याला २५,०००. महिना ४०,००० हवे असतील तर नुसत्या मासिक रकमेसाठी ८० लाख बाजूला पडायला हवेत.

ही आकडेमोड समजण्यापुरती आहे. बाजार चांगला चालला, नोकरी लहान वयात लागली, तर जमा रक्कम मोठीही होते. पण नेमकी तीच गोष्ट आहे: जोखीम कुणाच्या डोक्यावर, एवढाच दोन्ही योजनांतला खरा फरक. निवृत्तीच्या महिन्यात बाजार आणि व्याजदर जिथे असतील तिथे तुम्ही कायमचे बांधले जाता. कापूस निघाला त्या दिवशी जो भाव असेल त्यात गाडी खाली करायची, तसं. फरक इतकाच, की इथे पुढच्या वर्षी दुसरं पीक नाही.

हातात आलेल्या ३० लाखांचं काय होतं, हेही एकदा बोलायला हवं. मुलीचं लग्न, पोराला जळगावात फ्लॅट, भावाच्या शेतात बोअर. दोन वर्षांत खातं रिकामं. जुन्या योजनेत घरचे हात पोचत नव्हते, कारण पैसा महिन्याच्या महिन्याला येत होता.

माझी कपात झाली, पण हिशेब लागलेला नाही. असं कसं?

हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा, आणि तो अगदी खरा आहे. महाराष्ट्रात आधी स्वतःची परिभाषित अंशदान योजना होती, लोक तिला डीसीपीएस म्हणतात. नंतर ती राष्ट्रीय योजनेत म्हणजे एनपीएसमध्ये वळवली. मधल्या काळात कित्येक ठिकाणी कपात उशिरा सुरू झाली, बदली झाली की खातं मागे राहिलं, शासनाचा हिस्सा वेळेवर पडला नाही.

मी एका पंचायत समितीत बसून एका शिक्षकाच्या पावत्या जुळवल्या होत्या. अक्कलकुवा, मग शहादा, मग अमळनेर अशा बदल्या. पगारपत्रकात कपात दिसत होती आणि प्राण खात्यात, म्हणजे एनपीएसमधल्या त्यांच्या वैयक्तिक खात्यात, त्या महिन्यांसमोर काहीच नव्हतं. ज्या टेबलावर विचारलं तिथून उत्तर एकच: "ते आमच्या आधीचं आहे." पैसा वेळेत बाजारात गेला नाही, तर त्यावर मिळाला असता तो परतावा कुणी भरायचा? जुन्या योजनेत कारकुनाची चूक झाली तर पेन्शन उशिरा सुरू व्हायची, पण कमी होत नव्हती. नव्यात कारकुनाची चूक तुमच्या म्हातारपणातून वसूल होते. नव्या योजनेची बाजू मुंबई-दिल्लीत बसून मांडणाऱ्यांच्या तक्त्यांत हा रकाना नसतो.

म्हणून काम एकच: सर्व वर्षांच्या आर-३ पावत्या (डीसीपीएस कपातीचा वार्षिक हिशेब) आणि पगारपत्रकं मिळवा, प्राण खात्याच्या उताऱ्याशी महिन्यावार जुळवा, तफावत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही.

सरकार म्हणतं जुनी पेन्शन परवडत नाही. खरं की बहाणा?

दोन्ही थोडं थोडं.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं होतं, की जुनी योजना लागू केली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल, म्हणून ती देणार नाही. पुढच्याच महिन्यात विधान परिषदेच्या प्रचारात सूर मऊ झाला आणि आम्ही याबाबत नकारात्मक नाही असं ऐकू आलं. रिझर्व्ह बँकेच्या मासिकातल्या सप्टेंबर २०२३ च्या लेखात असा अंदाज होता, की सगळी राज्यं जुन्या योजनेकडे वळली तर एकूण बोजा नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. लोक आता जास्त जगतात, नोकरीत ३० वर्षं आणि पेन्शनवर २५ वर्षं अशी माणसं घरोघर आहेत. बोजा खोटा नाही.

पण बोजा कधी पडतो ते बघा. २००५ मध्ये पंचविशीत लागलेला शिक्षक ५८ पूर्ण करणार २०३८ मध्ये. आज जुनी योजना परत आणली तर सरकारचे १४ टक्के लगेच वाचतात आणि खरी देणी पंधरा-वीस वर्षांनी उभी राहतात. म्हणजे घोषणा करणाऱ्याला मतंही मिळतात आणि चार पैसेही सुटतात. बिल येईल तेव्हा खुर्चीत दुसराच असेल. उलट बाजूही तशीच. नवी योजना आणल्याने २००५ मध्ये सरकारची बचत झाली नाही, उलट दुहेरी खर्च सुरू झाला: जुन्यांची पेन्शन चालूच आणि नव्यांसाठी हिस्सा वेगळा. फायदा दिसायचा तो २०३५ नंतर. तीस वर्षं वाट पाहायला लावणारा निर्णय कोणत्याच पक्षाला पेलत नाही.

हिमाचल प्रदेशाचं उदाहरण दोन्हीकडून वापरलं जातं. तिथे २०२३ मध्ये जुनी योजना परत आली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पगार १ तारखेऐवजी ५ तारखेला, पेन्शन १० तारखेला झाली. विरोधक म्हणतात, बघा. पण नव्या योजनेतून जुनीत आलेले बहुतेक जण अजून नोकरीतच आहेत, त्यांची पेन्शन सुरूही झालेली नाही. त्या राज्याचं कर्ज जुनं आहे. हिमाचलवरून घाबरवणाराही अर्धंच सांगतो आणि "तिथे देता येतं मग इथे का नाही" म्हणणाराही.

मार्च २०२३ च्या संपातून हाती काय लागलं?

१४ मार्चला संप सुरू झाला, २० मार्चला मागे घेतला. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा त्या आठवड्यात धडगावच्या आश्रमशाळेपासून जळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत ऐकू येत होती. तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली. जुनी पेन्शन मिळाली नाही.

एक गोष्ट मात्र मिळाली आणि ती लोक विसरतात. ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने नव्या योजनेतल्या कर्मचाऱ्याचा सेवेत असताना मृत्यू झाला तर कुटुंब निवृत्तिवेतनाचा पर्याय आला आणि उपदानही, म्हणजे ग्रॅच्युइटी, लागू झालं. तोपर्यंत तरुण शिक्षक अपघातात गेला तर घरात खात्यावर साचलेली रक्कमच काय ती यायची. तीन मुलं घेऊन बसलेल्या बाईच्या दृष्टीने हा निर्णय समितीच्या अहवालापेक्षा मोठा होता.

माझी जाहिरात २००५ ची, पण रुजू झालो २००६ मध्ये. मला जुनी मिळेल का?

२ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने अशांना पर्याय दिला: पदाची जाहिरात किंवा अधिसूचना १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची आणि नियुक्ती नंतरची असेल तर. साधारण २६ हजार जणांना लाभ होईल असं तेव्हा सांगण्यात आलं. पर्याय देण्याला मुदत होती. दिला असेल तर त्याची सेवापुस्तकात नोंद आहे का हे स्वतः डोळ्यांनी बघा.

मी २००५ च्या आधीच शाळेत लागलो, पण तेव्हा शाळा विनाअनुदानित होती.

तुमच्याइतकी कुचंबणा कुणाचीच नाही. आपल्या भागात संस्थांच्या माध्यमिक शाळा अशाच वाढल्या: आधी विनाअनुदानित, मग २०, ४० असे टप्पे, शेवटी शंभर टक्के. शासनाची भूमिका अशी, की शंभर टक्के अनुदान १ नोव्हेंबर २००५ नंतर आलं तर नियुक्ती आधीची असूनही जुनी योजना नाही. शिक्षक म्हणतात, नियुक्तीला मान्यता तुमच्याच शिक्षणाधिकाऱ्याची होती ना? प्रकरणं न्यायालयात गेली. माझं मत विचाराल तर ज्याने वर्षानुवर्षं फुकट किंवा नाममात्र पगारात शिकवलं, त्यालाच तारखेच्या आडून वगळणं हे या साऱ्या वादातलं सगळ्यात कोतं काम आहे. पण मत म्हणजे निकाल नव्हे. आपल्या संघटनेच्या वकिलाला विचारल्याशिवाय पैसे भरून नव्या याचिकेत उडी घेऊ नका.

ही एकीकृत पेन्शन आणि सुधारित राष्ट्रीय पेन्शन काय भानगड आहे? घ्यावी का?

केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ ला एकीकृत योजना मंजूर केली, तिला यूपीएस म्हणतात. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली, असं करणारं पहिलं राज्य. त्याआधी १ मार्च २०२४ ला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी राज्याची स्वतःची सुधारित योजना जाहीर केली होती: अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के, त्यावर महागाईवाढ, आणि कुटुंबाला त्याच्या ६० टक्के.

केंद्राच्या योजनेत २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, किमान १० वर्षं सेवा असेल तर निदान १०,०००. सरकारचा वाटा १८.५ टक्के. तुमची १० टक्के कपात चालूच. एकरकमी मोठा भाग उचलला तर मासिक रक्कम त्या मानाने घटते. केंद्रात सुमारे २३ लाख कर्मचारी पात्र होते, प्रत्यक्षात फारच थोड्यांनी ती निवडली.

घ्यावी का? नोकरी उशिरा लागली, २५ वर्षं भरतच नाहीत, तर हिशेब वेगळा येतो. आयुष्यभर आजारपण असलेला जोडीदार घरी असेल तर हमीच्या रकमेला वजन द्या. हातात मोठी रक्कम हवी आणि ती सांभाळायची शिस्त आहे, तर एनपीएसमध्येच राहणारे चुकतात असं मी म्हणणार नाही. व्हॉट्सअपवरचा तक्ता बघून सही करू नका, तो बहुधा तुमच्या वेतनश्रेणीचा नसतो.

मी आधीच निवृत्त आहे. माझी पेन्शन कापू शकतात का?

चालू पेन्शन सरळ कमी केल्याचं इथे घडलेलं नाही. १७ डिसेंबर १९८२ ला सर्वोच्च न्यायालयाने नाकरा खटल्यात म्हटलं, की पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो हक्क आहे, आणि निव्वळ निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करता येणार नाही. म्हणून तर १७ डिसेंबरला पेन्शनर दिन साजरा होतो आणि ज्येष्ठ मंडळी शाल-श्रीफळ घेतात.

पण २०२५ च्या वित्त कायद्यात केंद्राने एक भाग घातला. त्यानुसार केंद्र सरकारला आपल्या पेन्शनरांत, निवृत्तीच्या तारखेवरूनही, फरक करण्याचा अधिकार असल्याचं पक्कं केलं, तेही १ जून १९७२ पासून मागे जाऊन. सध्याच्या पेन्शनला धक्का नाही असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी संसदेत सांगितलं. आठव्या वेतन आयोगाच्या कार्यकक्षेतही बिनअंशदायी, म्हणजे पगारातून कपात नसलेल्या जुन्या पेन्शनच्या खर्चाचा उल्लेख आला, म्हणून भुसावळच्या रेल्वे पेन्शनरांत धाकधूक आहे. कापण्याची भीती नसावी, पण पुढच्या आयोगात वाढ सगळ्यांना सारखीच मिळेल असं गृहीत धरू नका. न वाढवणं हीसुद्धा कपातच असते.

आमदारांना पेन्शन मिळते, मग आम्हाला का नाही?

महाराष्ट्रात माजी आमदाराला महिना ५०,००० पेन्शन आहे, पाच वर्षांच्या वर प्रत्येक वर्षाला २,००० जास्त. त्यासाठी कपात नाही. आमदारांची संख्या शेकड्यांत, कर्मचारी लाखांत, म्हणून तिजोरीच्या हिशेबात तुलना होत नाही. पण नैतिक हिशेबात ती होते, आणि सभागृहातलं कुणीच तिला उत्तर देत नाही.

भुसावळ रेल्वे आणि वरणगावच्या ऑर्डनन्सवाल्यांचं वेगळं आहे का?

हो, ते केंद्राकडे. रेल्वेत १ जानेवारी २००४ नंतर लागलेले एनपीएसमध्ये. वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणी १ ऑक्टोबर २०२१ पासून सरकारी कंपन्यांकडे गेल्या, तेव्हा कामगारांना सगळ्यात आधी हीच चिंता होती, की उद्या आपण सरकारी राहू का कंपनीचे.

मी एसटीत ड्रायव्हर होतो. मला २,८०० मिळतात. हे कुठलं न्याय?

तुमची पेन्शन सरकारी नाहीच, ती भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेतली. तिचं सूत्र: पेन्शनयोग्य वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. आणि वेतनाची मर्यादा १५,०००, सप्टेंबर २०१४ च्या आधी तर ६,५००. म्हणजे पूर्ण ३० वर्षं १५,००० धरली तरी येतात ६,४०० च्या आसपास. बहुतेकांना त्याहून कितीतरी कमी. किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० आहे, मागणी ७,५०० अधिक महागाई भत्ता अशी आहे. महागाई भत्ता या पेन्शनला नाही.

सहकारी साखर कारखाना, सूतगिरणी, खासगी कंपनी, सगळे याच रांगेत. जुन्या पेन्शनच्या मोर्चात या लोकांना कुणी बोलवत नाही, आणि यांच्या उपोषणाला शिक्षक संघटनेचा झेंडा क्वचित दिसतो.

"मास्तरले पेन्शन, मंग आम्हले काय?"

हा प्रश्न मला रावेरपासून साक्रीपर्यंत सगळीकडे ऐकू आला आणि यावर कर्मचारी संघटनांकडे धड उत्तर नाही.

शेतकरी, शेतमजूर, ऊसतोडीला जाणारे, हातगाडीवाले यांच्या म्हातारपणासाठी जे आहे ते असं: श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेत महिना १,५००. जुलै २०२३ पासून ही रक्कम झाली, त्याआधी १,००० होती. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेतला केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांना अजून २०० रुपयेच. किसान मानधन योजनेत साठीनंतर ३,००० आहेत, पण त्यात शिरायचं वय १८ ते ४०, म्हणजे आज जे म्हातारे आहेत त्यांच्यासाठी दार मुळात उघडलंच नाही.

श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० राहिली. रोज ३०० रुपये मजुरी धरा: वर्षातले ७० दिवस काम केलं की मर्यादा संपली. कापूस वेचणीचा हंगामच त्याहून लांब चालतो. म्हणजे तहसीलमधून दाखला काढणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला खोटं बोलावं लागतं किंवा उपाशी असल्याचं सिद्ध करावं लागतं. तळोद्याकडच्या पाड्यावरून एक आजोबा बँकेत आले होते. अंगठ्याचे ठसे मजुरीने झिजलेले, मशीन घेईना. कर्मचाऱ्याने बोट पुसून, थोडं तेल लावून पाहिलं, मग दुसरं बोट, मग दुसरा हात. शेवटी "पुढच्या सोमवारी या." जायला-यायला जीपचं भाडं १२० रुपये. त्यांच्या पेन्शनचा विचार कोणत्या समितीने केला?

मला जुन्या पेन्शनची मागणी चुकीची वाटत नाही. पण नोकरदाराला अखेरच्या पगाराच्या निम्मं हवं, आणि ज्याच्या कराच्या पैशातही भाग आहे त्या मजुराला १,५००, यावर ब्र काढायचा नाही, हे मला पटत नाही. तो शेतकरी काडेपेटीवर आणि डिझेलवर कर भरतोच. संघटनांनी ज्या दिवशी मागणीपत्रात श्रावणबाळची रक्कम आणि ती २१,००० ची मर्यादा पहिल्या क्रमांकावर टाकली, त्या दिवशी गावात त्यांच्याकडे बघण्याची नजर बदलेल. त्यात त्यांचाही स्वार्थ आहे: एकटा पडलेला वर्ग कापायला सोपा असतो.

लाडक्या बहिणीला पैसे आहेत, पेन्शनला नाहीत?

सरकारचं प्राधान्य मतांकडे बघून ठरतं, हे खरं. पण घरात एक बहीण १,५०० घेते म्हणून भाऊ चिडतो आणि सरकार बाजूला उभं राहून बघतं, हे भांडण आपण त्यांना फुकट देतो. दोन्ही खर्च एकाच तिजोरीतून आहेत, पण एकाचं कारण दुसरा नाही. जुनी पेन्शन लाडकी बहीण येण्याच्या १९ वर्षं आधी बंद झाली.

अंगणवाडी सेविका आणि आशांना काही आहे का?

मासिक पेन्शन नाही. अंगणवाडी सेविकांना उपदान लागू होतं असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. त्यांच्याकडून काम पूर्ण वेळेचं घेतलं जातं आणि कागदावर त्या मानधनावर असतात. बाकी काय सांगू.

मत पेन्शनवर पडतं का?

पडतं, पण वाटतं तितकं नाही. हिमाचलमध्ये २०२२ ला पडलं. राजस्थान आणि छत्तीसगडमध्ये काँग्रेसने जुनी योजना देऊनही २०२३ मध्ये सत्ता गेली. आपल्याकडे २०२३ च्या सुरुवातीला झालेल्या नाशिक पदवीधर मतदारसंघात, ज्यात खान्देशचे तिन्ही जिल्हे येतात, सत्यजित तांबे आणि धुळ्याच्या शुभांगी पाटील समोरासमोर होते. प्रचारात जुनी पेन्शन नको म्हणायची कुणाची टाप नव्हती. सगळेच एका बाजूने बोलायला लागले की मतदाराला निवडायला काही उरत नाही, आणि निवडून आल्यावर कुणाला जाबही विचारता येत नाही.

जुन्या पेन्शनरांचा पैसा गावात खरंच फिरतो, की हे नुसतं म्हणायचं?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या बँकेत जाऊन उभं राहा. निवृत्त गुरुजी, तलाठी आप्पा, आरोग्यसेविका. तिथून बाहेर पडून किराणा, औषधं, नातवाची क्लासची फी. दुष्काळी साली कापूस गेला, केळीवर रोग आला, तरी त्या घरचा किराणा चालू राहतो, कारण एका म्हाताऱ्याची पेन्शन थांबत नाही. कित्येक घरांत बी-बियाणांचे पैसे त्यातूनच निघतात. ही पिढी संपली की तिच्या जागी महिना दहा हजारवाले येतील. व्यापारी मंडळी याचा विचार करत असतील असं वाटत नाही.

आत्ता या आठवड्यात मी काय करू?

सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागा. प्राण खात्यात वारसाचं नाव बघा. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईचंच नाव राहिलेलं असतं, आणि मग बायको व सासू दोघी कार्यालयात येतात. राज्याचे पेन्शनर असाल तर नोव्हेंबरमध्ये बँकेतल्या यादीवर हयातीची सही करायला विसरू नका. पायी जाणं होत नसेल तर जीवन प्रमाणपत्र मोबाइलवरूनही देता येतं, फक्त आधारला जोडलेला नंबर नातवाकडे नव्हे, तुमच्याकडे असू द्या.